खड्डा क्रमांक चार

बाहेर उणे चौतीस.
सस्काटूनची नदी दगड झालीय,
आणि माझ्या वर्गातली एकोणीस मुलं
डोळ्यांवर काळी खोकी बांधून
ऑगस्टमध्ये उभी आहेत.

"खाली बघा," मी म्हणते.
एकोणीस माना वाकतात.
खाली फरशी आहे, बुटांच्या मिठाचे डाग पडलेली.
त्यांना दिसतोय खड्डा क्रमांक चार,
कमरेहून खोल, भिंत सुरीने तासलेली.

वरचा हातभर काळा,
गवताच्या मुळांनी मरून मरून काळा केलेला.
मग तपकिरी, उकळून टाकलेल्या चहापत्तीचा,
मग फिकट, त्यात चुन्याच्या शिरा.
इथल्या शास्त्रात थराला क्षितिज म्हणतात.
शिकत होते तेव्हा हसू यायचं:
नजर अडायला एक टेकाड नाही अशा गव्हाच्या मुलखात
क्षितिजं पायाखाली, एकावर एक.

"आता आम्ल टाका."
ती हवेत टिचकी मारतात,
हेडफोनमध्ये चुना फसफसतो,
दर वेळी बरोबर त्याच खोलीवर.
खऱ्या खड्ड्यात एकदा अर्धा तास काही फसफसलंच नाही.
अल्सीद म्हणाला होता,
"बाई, जमिनीनं तुमचं पुस्तक वाचलेलं नाही."

खोक्यातून वास येत नाही,
म्हणून टेबलावर दह्याचे रिकामे डबे,
प्रत्येकात त्याच खड्ड्यातली मूठभर माती.
पाण्याचे चार थेंब, मळा,
अंगठ्याने सारत पट्टी करा,
कुठे तुटते ते बोटांनाच विचारा.
न बघता मळताहेत सगळी. सांडलीय टेबलभर.
दोन धीटांनी कणभर दाताखाली घेतली.
कचकचली. पोयटा.

कोराली बूशे चाकांच्या खुर्चीत.
खऱ्या सहलीला ती आली असती
तर शेताच्या फाटकापाशी व्हॅनमध्ये बसली असती,
आणि आम्ही तिला नंतर फोटो दाखवले असते.
आज ती खड्ड्याच्या तळाशी आहे,
आणि तीच एकटी भिंतीकडे बघत नाहीये.
तिने खुर्ची गर्रकन फिरवली.
"प्रोफेसर हनात्यूक, मागे तो माणूस कोण?"

त्या कॅमेऱ्याला पाठ नसते.
चित्रीकरण चालू असताना मी ट्रकमागे दडले होते.
अल्सीद दडला नाही.
"खणला मी, आणि लपूही मीच?"
ट्रकच्या फळीवर बसलाय, पाय हलवत,
टोपी गुडघ्यावर, हातात अंड्याचं सँडविच.
पुसून टाकू का, असं संकलन करणाऱ्या पोराने विचारलं होतं.
राहू दे, म्हटलं. घाई होती, बाकी काही नाही.
सातव्या मिनिटाला तो घड्याळ बघतो.
हे मला अलीकडे माहीत झालंय.

"खड्डा खणणारा," मी म्हणाले.
आणि एकेक करून एकोणीस खोकी मागे वळली.
एवढ्या वर्षांत कुठल्याच वर्गाने
त्याच्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

पुढचं मी सांगितलं नाही:
तो जाऊन तीन आठवडे झाले,
त्याच्या गावची जमीन दोन मीटर गोठलीय,
कबर मे महिन्यात खणतील.
तोवर थांबलाय.
थांबायची सवय होती त्याला, आमची टिपणं होईपर्यंत.

तास संपला. डोळे चोळत सगळी बाहेर,
एकाच्या कपाळावर मातीची चार बोटं.
कोरालीच्या कागदावर रंग, पोत, खोली, सगळं बरोबर.
"इतर निरीक्षणे" या रकान्यात:
अर्धं सँडविच खाल्लं. अर्धं कागदात गुंडाळून ठेवलं.
मी पैकीच्या पैकी दिले.

डबे धुवून पालथे घातले.
एक धुतला नाही.
झाकण लावून खिडकीत ठेवलाय,
मूठमातीपुरता.
झाकणावर त्याचंच अक्षर, पेन्सिलीचं, उजवीकडे घसरत गेलेलं:
खड्डा चार. शून्य ते तीस.
ओली आहे, लवकर उघडा.